चोवीस, तीन, तीन : एका प्रसिद्ध उदाहरणाची झडती

आरक्षणाच्या खिडकीवर, प्रवेशअर्जांच्या टेबलावर, बँकेत 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' ही पाटी आपण सर्वांनीच वाचलेली असते. संगणकाच्या प्रचालन प्रणालीचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा, अभ्यास सुरू झाला की विद्यार्थ्याला हीच पाटी पुन्हा भेटते. एकाच प्रोसेसरसाठी अनेक प्रक्रिया ताटकळत आहेत. त्यांतली आधी कोणती घ्यायची? सर्वांत सोपे उत्तर : जी आधी आली ती. इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीला 'एफसीएफएस' म्हणतात. हा विषय जिथे जिथे शिकवला जातो तिथे या पद्धतीवर एक हमखास गणित असते. प्रक्रियांची यादी दिलेली असते, प्रत्येकीला लागणारा वेळ दिलेला असतो, आणि सरासरी प्रतीक्षाकाळ काढायचा असतो. चौकटी आखल्या, बेरजा केल्या, भागाकार केला की गुण हातात.

या गणितांच्या मागे बहुधा एकच उदाहरण उभे आहे. पीटरसन आणि सिल्बरशॅट्झ यांचे 'ऑपरेटिंग सिस्टिम कन्सेप्ट्स' हे पुस्तक १९८३ साली निघाले. पुढे लेखक बदलले, आज ते सिल्बरशॅट्झ, गॅल्विन आणि गॅग्ने यांच्या नावाने ओळखले जाते. दहावी आवृत्ती २०१८ ची आहे. मुखपृष्ठावरील प्राण्यांमुळे जगभरचे विद्यार्थी त्याला 'डायनासोरचे पुस्तक' म्हणतात. या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्यांत तीन प्रक्रियांचे एक उदाहरण आहे. तिन्ही एकाच क्षणी, शून्याला, हजर. पहिलीला २४ मिलिसेकंद हवेत, दुसरीला ३, तिसरीलाही ३.

याच क्रमाने घेतल्यास पहिली ० मिलिसेकंद थांबते, दुसरी २४, तिसरी २७. सरासरी १७. आता लांब प्रक्रिया शेवटी ठेवा : प्रतीक्षा ०, ३ आणि ६, सरासरी ३. सतरावरून तीन! वर्गात हे फळ्यावर मांडले की मुले चकित होतात, आणि शिक्षक पुढच्या विभागाकडे वळतात : सर्वांत लहान काम आधी घ्यावे, कारण त्याने सरासरी प्रतीक्षाकाळ सर्वांत कमी होतो.

उदाहरण सुरेख आहे यात वाद नाही. आकडे लहान, फरक डोळ्यांत भरणारा, आणि त्यातून निघणारा सिद्धान्तही खरा. शेजारच्या दोन कामांत लांब काम आधी असेल तर त्यांची अदलाबदल केल्याने बेरीज घटतेच, हे आठवीतल्या मुलालाही पटवता येईल. माझी तक्रार गणिताच्या उत्तराबद्दल नाही. त्या एका उदाहरणावर 'प्रथम येणाऱ्यास प्रथम' या पद्धतीविषयीचा जो निकाल बेतला जातो, आणि जो परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत 'ही पद्धत अकार्यक्षम आहे' अशा एका ओळीत उतरतो, त्याबद्दल आहे.

पहिली गोष्ट सरळ आहे. तिन्ही प्रक्रिया एकाच क्षणी आल्या असतील तर आधी कोण आले? कोणीच नाही. क्रम यादी लिहिणाऱ्याच्या हातात आहे, आणि यादी लिहिणाऱ्याने सर्वांत वाईट क्रम निवडला आहे. तीन प्रक्रियांचे सहा क्रम होतात. लांब प्रक्रिया दोन क्रमांत पहिली असते, दोनांत मधली, दोनांत शेवटची. मधली असेल तर प्रतीक्षा ०, ३, २७ आणि सरासरी १०. म्हणजे १७, १० आणि ३ या तीन शक्यता सारख्याच संभवनीय, आणि त्यांची सरासरी १०. ज्या पद्धतीला कामाची लांबी ठाऊकच नाही, तिच्या पदरी न्यायाने हा १० चा आकडा घालायला हवा. पुस्तकाने तिचा दुर्दैवी दिवस घेतला आणि तिच्या प्रतिस्पर्ध्याचा नेहमीचा दिवस. प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्याला अशी तुलना करू देणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची, आणि मला वाटते वर्गात वापरण्याजोगी. सरासरी म्हणजे कोणाची सरासरी? वरच्या हिशोबात २४ मिलिसेकंदांच्या कामाला एक मत आणि ३ मिलिसेकंदांच्या कामालाही एकच मत आहे. असे न करता प्रत्येक प्रक्रियेच्या प्रतीक्षेला तिच्या कामाने गुणून पाहा. लांब प्रक्रिया पहिली असताना : २४ × ० + ३ × २४ + ३ × २७ = १५३. ती शेवटी असताना : ३ × ० + ३ × ३ + २४ × ६ = १५३. मध्ये असताना : ३ × ० + २४ × ३ + ३ × २७, पुन्हा १५३!

हा योगायोग नाही. कोणत्याही दोन कामांची जोडी घ्या. त्यांतले एक दुसऱ्यासाठी थांबणारच, आणि या जोडीमुळे बेरजेत भर पडते ती दोघांच्या गुणाकाराइतकी, मग आधी कोणीही असो. तीन जोड्यांचे गुणाकार ७२, ७२ आणि ९, बेरीज १५३. याचा अर्थ असा की क्रम बदलून प्रतीक्षा नाहीशी होत नाही, ती फक्त एकाकडून दुसऱ्याकडे जाते. लहान कामांची संख्या जास्त म्हणून डोकी मोजली तर फायदा दिसतो; कामाचे मिलिसेकंद मोजले तर सरासरी १५३ ÷ ३०, म्हणजे ५.१, आणि ती हलत नाही. यांतली कोणती सरासरी 'खरी', हा गणिताचा प्रश्नच नव्हे. तो कोणाच्या वेळेला किती किंमत द्यायची याचा प्रश्न आहे. डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी १९५६ मध्ये तो याच रूपात मांडला : प्रत्येक कामाला एक भार द्या, भार भागिले लागणारा वेळ हे गुणोत्तर काढा, आणि मोठे गुणोत्तर आधी घ्या. सर्वांचा भार सारखा मानला की लहान काम आधी येते. भार कामाइतकाच मानला की सगळी गुणोत्तरे एक होतात आणि कोणताही क्रम चालतो. पाठ्यपुस्तकाने पहिला पर्याय निवडला आहे. निवडला आहे असे मात्र सांगितलेले नाही.

आता 'सगळे शून्याला हजर' हे गृहीतक पाहू. एकदाच भरून, एकदाच रिकाम्या होणाऱ्या रांगेला ते ठीक आहे. पंचिंग कार्डांचे गठ्ठे सकाळी खिडकीत द्यायचे आणि निकाल दुसऱ्या दिवशी न्यायचा, अशा जुन्या संगणककेंद्रांना ते बऱ्यापैकी लागू पडे. पण खरी रांग वाहती असते. कोणी येत असतो, कोणी जात असतो, मधूनच खिडकी रिकामी पडते. आगमनाच्या वेळा दिल्या की विद्यार्थ्यांची गाडी कुठे अडते, हे या विषयाच्या शिक्षकांना ठाऊक आहेच. एक छोटे उदाहरण घेऊ. अ ही प्रक्रिया ० ला येते, तिला ५ मिलिसेकंद लागतात. ब येते १ ला, काम ३. क येते १० ला, काम २. ड येते ११ ला, काम ४. अ पाचाला संपते, ब आठाला. मग दोन मिलिसेकंद प्रोसेसर मोकळा. क दहाला सुरू होऊन बाराला संपते, ड बाराला सुरू होऊन सोळाला. प्रतीक्षा म्हणजे सुरुवात वजा आगमन : ०, ४, ०, १. सरासरी १.२५.

जो विद्यार्थी चौकटी एकीला एक चिकटवून काढतो, त्याच्या आकृतीत क आठालाच सुरू होते आणि तिची प्रतीक्षा येते उणे २. ड ची उणे १. तरीही बेरीज १ आणि सरासरी ०.२५ अशी निर्धोक दिसते, त्यामुळे चूक खपून जाते. ती आकडेमोडीतली चूक नव्हे. न आलेल्या माणसाचे काम करता येत नाही ही साधी गोष्ट आकृती काढताना निसटलेली असते. म्हणून सरासरीच्या आधी प्रत्येक प्रक्रियेची प्रतीक्षा वेगळी लिहायला लावणे बरे. उणे चिन्ह तिथेच पकडले जाते.

वाहत्या रांगेचे शास्त्र संगणकाहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे एर्लांग यांनी १९०९ साली त्याचा पाया घातला. पुढे पोलाचेक यांनी १९३० मध्ये आणि खिन्चिन यांनी १९३२ मध्ये एक सूत्र दिले, ते वरिष्ठ विद्यार्थ्यांनी जरूर हाताळावे. कामे यादृच्छिकपणे, एकमेकांशी संबंध न ठेवता येत असतील आणि खिडकी एकच असेल, तर 'प्रथम येणाऱ्यास प्रथम' पद्धतीत सरासरी प्रतीक्षा अशी मिळते : आगमनाचा दर गुणिले कामाच्या वेळेच्या वर्गाची सरासरी, भागिले दोन वेळा 'एक वजा व्यग्रता'. व्यग्रता म्हणजे खिडकी किती भाग वेळ गुंतलेली असते ते प्रमाण.

आपल्याच आकड्यांनी हे सूत्र चालवून पाहू. येणाऱ्या कामांपैकी एकतृतीयांश २४ मिलिसेकंदांची, दोनतृतीयांश ३ मिलिसेकंदांची. सरासरी काम १०, वर्गांची सरासरी ५७६, ९ आणि ९ यांची मिळून १९८. प्रोसेसर ८० टक्के व्यग्र ठेवायचा तर दर मिलिसेकंदाला ०.०८ कामे यायला हवीत. सरासरी प्रतीक्षा = ०.०८ × १९८ ÷ ०.४ = ३९.६ मिलिसेकंद. सगळी कामे नेमकी १० मिलिसेकंदांची असती तर वर्गाची सरासरी १०० झाली असती आणि प्रतीक्षा २० वर आली असती. म्हणजे व्यग्रता तीच, सरासरी काम तेच, केवळ कामे असमान असल्याने प्रतीक्षा जवळपास दुप्पट. कारणही कळण्याजोगे आहे. लांब कामे संख्येने एकतृतीयांश असली तरी प्रोसेसरचा ८० टक्के गुंतलेला वेळ त्यांच्याकडे जातो, त्यामुळे नव्याने येणाऱ्याची गाठ बहुधा लांब कामाशीच पडते. अनियमित सुटणाऱ्या एसटीच्या थांब्यावर आपण नेहमी मोठ्या खंडातच का सापडतो, याचे उत्तरही हेच.

आता प्रतिस्पर्धी पद्धत याच रांगेत उतरवू. हाती घेतलेले काम मध्येच सोडायचे नाही, पण नवे घेताना ३ मिलिसेकंदांचे काम आधी. अशा प्राधान्याच्या रांगेचे सूत्र कोभॅम यांनी १९५४ मध्ये दिले. त्याने लहान कामांची सरासरी प्रतीक्षा ९.४ येते, लांब कामांची ४७.१, आणि डोकी मोजून सर्वांची २२. एफसीएफएसमध्ये सर्वांचीच ३९.६ होती. तेव्हा लहान काम आधी घेण्याचा फायदा आहे, आणि चांगला आहे. पण तो १७ वरून ३, म्हणजे साडेपाच पटींहून जास्त, असा नाही, ३९.६ वरून २२, म्हणजे दुपटीहूनही कमी आहे. शिवाय त्याची किंमत लांब कामांनी मोजली आहे. त्यांची प्रतीक्षा साडेसात मिलिसेकंदांनी वाढली. प्रोसेसरचा ०.१६ भाग लहान कामांकडे आणि ०.६४ भाग लांब कामांकडे जातो. या भागांनी आपापल्या प्रतीक्षेला गुणून बेरीज केली तर दोन्ही पद्धतींत ती सुमारे ३१.७ येते. मघाचे १५३ इथे वेगळ्या वेषात भेटतात. क्लाइनरॉक यांनी १९६० च्या दशकात याला अक्षय्यतेचा नियम म्हणून मांडले. ऊर्जेच्या अक्षय्यतेवर धडे घेणाऱ्या आपल्या शिक्षकांना हे नाव आवडावे.

पुस्तकातल्या मांडणीत सर्वांत जास्त खटकते ते असे, की एफसीएफएसचा खरा गुण हिशोबात येतच नाही, कारण हिशोब सरासरीचाच आहे. समजा दोन माणसे १ ला आणि ४ ला आली, आणि खिडकी १० ला व १५ ला मोकळी झाली. आलेल्या क्रमाने घेतले तर प्रतीक्षा ९ आणि ११. उलट क्रमाने १४ आणि ६. बेरीज दोन्हीकडे २०, सरासरी दोन्हीकडे १०. पण एकीकडे दोघांच्या वाट्याला जवळजवळ सारखे आले, दुसरीकडे एकाचे हाल झाले. कामाची लांबी न पाहणाऱ्या सर्व पद्धतींत सरासरी प्रतीक्षा सारखीच राहते, आणि प्रतीक्षेतला फरक 'प्रथम येणाऱ्यास प्रथम' या पद्धतीत सर्वांत कमी असतो. किंगमन यांनी १९६२ मध्ये हे सिद्ध केले. रांग मोडली की लोक चिडतात ते केवळ रागापोटी नव्हे, त्या चिडण्यामागे हा विचरणाचा सिद्धान्त आहे. प्रमाण विचलन अकरावी-बारावीत शिकवतोच आपण. मग प्रतीक्षेच्या गणितात सरासरीच्या शेजारी ते का मागू नये?

दुसरा गुण : या रांगेत उपासमार नाही. माझ्या पुढे जेवढे काम आहे तेवढेच मी थांबणार. नंतर येणारा माझ्या पुढे जाऊ शकत नाही. लहान काम आधी घेणाऱ्या रांगेत दर ३ मिलिसेकंदांना एक नवे लहान काम येत राहिले, तर २४ मिलिसेकंदांच्या कामाची पाळी कधीच येणार नाही. इथे पुस्तक एक किस्सा सांगते : एमआयटीतला आयबीएम ७०९४ हा संगणक १९७३ मध्ये बंद केला तेव्हा १९६७ पासून पडून राहिलेले एक काम त्यात सापडले. पुस्तकाने ही ऐकीव गोष्ट आहे असे स्पष्ट म्हटले आहे. पण विद्यार्थ्यांच्या वह्यांत ती इतिहास होऊन उतरते. ती तशी उतरू नये हे पाहणे शिक्षकाच्या हातात आहे.

एफसीएफएसवरचा खरोखर गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो पुस्तकातही आहे, एका परिच्छेदात. त्याला काफिल्याचा परिणाम म्हणतात. एक प्रक्रिया एका वेळी १०० मिलिसेकंद प्रोसेसर वापरते. दुसरीला प्रोसेसर १ मिलिसेकंद लागतो, मग १० मिलिसेकंद डिस्क, मग पुन्हा प्रोसेसर. एकटी असती तर तिची फेरी ११ मिलिसेकंदांत पुरी झाली असती. एफसीएफएसमध्ये ती डिस्कवरून परतते आणि लांब प्रक्रियेच्या मागे अडकते; फेरी होते १०१ मिलिसेकंदांची, आणि त्यातले ९० हून अधिक मिलिसेकंद डिस्क नुसती पडून राहते. तिला परतल्याबरोबर १ मिलिसेकंद दिला असता तर तेवढ्या काळात तिच्या नऊ फेऱ्या झाल्या असत्या आणि लांब प्रक्रिया जेमतेम ९ मिलिसेकंद मागे पडली असती. इथे प्रतीक्षा एकाकडून दुसऱ्याकडे गेलेली नाही, यंत्रच वाया गेले आहे. अक्षय्यतेचा नियम एका खिडकीपुरता असतो. दोन खिडक्या आल्या की क्रमाने खरे नुकसान होऊ शकते. हाच मुद्दा परीक्षेत येत नाही, बहुधा त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही म्हणून.

घरच्या संगणकात प्रक्रियांची निवड म्हणूनच निव्वळ एफसीएफएसने होत नाही. लिनक्समध्ये २००७ पासून सर्वांना प्रोसेसरचा रास्त वाटा देऊ पाहणारी पद्धत आली आणि २०२३ मध्ये तिची जागा तिच्याच जातीच्या नव्या पद्धतीने घेतली. पण काटेकोर वेळेच्या कामांसाठी, समान प्राधान्याच्या प्रक्रियांत, लिनक्स आजही आधी आलेल्याला आधी घेण्याची सोय ठेवते.

संशोधनसंस्थांतल्या मोठ्या सामाईक संगणकांवर तर ही रांग रोज दिसते, मात्र एका दुरुस्तीसह. समजा दहा यंत्रे आहेत. सहा यंत्रांवर एक काम चालू आहे, ते पाच तासांनी संपेल. रांगेतल्या पहिल्या कामाला आठ यंत्रे हवीत, म्हणजे पाच तास थांबणे आले. तोवर चार यंत्रे रिकामी. रांगेत मागे एक काम आहे : तीन यंत्रे, दोन तास. ते आत घेतले तर पहिल्याचे काहीच बिघडत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत लिफ्का यांनी हा नियम मांडला : पहिल्याची वेळ पुढे ढकलली जात नसेल तरच मागच्याला मधल्या फटीत बसवायचे. शाळेच्या वेळापत्रकात मोकळे तास भरणाऱ्या शिक्षकांना ही युक्ती नवी वाटणार नाही. वर्गात चौकटीच्या कागदावर यंत्रे उभी आणि तास आडवे घेऊन हे गणित फार छान सुटते, आणि पुस्तकातल्या पट्टीपेक्षा त्यात विचार करायला जागा जास्त आहे.

त्यातली खरी अडचण पुन्हा तीच, कामाला किती वेळ लागेल हे आधी कोण सांगणार? पुस्तकातल्या गणितात तो आकडा दिलेला असतो. इथे तो वापरणाऱ्यानेच सांगायचा असतो, आणि सांगितलेली वेळ उलटली की काम मध्येच तोडले जाते. त्या भीतीने लोक तीन तासांच्या कामासाठी बारा तास मागतात. मग ते काम कोणत्याच फटीत मावत नाही, आणि रांगेत थांबून राहते.